घरी बांधलेल्या ट्यूब कॉम्प्रेसरमधील हम आणि शून्यावर न थांबणारा काटा

मंद्रसप्तक

नमस्कार. गेले काही महिने सवडीने काम करून मी ऑप्टिकल पद्धतीचा एक ट्यूब कॉम्प्रेसर, म्हणजे ध्वनीतील मोठ्या पातळ्या आपोआप दाबणारे यंत्र, बांधला आहे. आराखडा टेलेट्रॉनिक्सच्या एलए-२ए या १९६० च्या दशकातील यंत्राच्या वळणाचा आहे, मात्र मीटरचा भाग मी माझ्या सोयीने वेगळा केला आहे. इनपुट ट्रान्सफॉर्मरनंतर ६८ किलो-ओमचा रेझिस्टर, त्यापुढे सिग्नल ग्राउंडकडे वळवणारा एलडीआर (प्रकाश पडला की रोध उतरणारा रेझिस्टर), मग १०० किलो-ओमचा गेन पॉट (पातळी कमी-जास्त करण्याचा), १२एएक्स७ आणि १२बीएच७ या ट्यूब आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर असा ध्वनीचा मार्ग आहे. साइडचेनमध्ये, म्हणजे किती दाबायचे ते ठरवणाऱ्या बाजूच्या मार्गात, आणखी एक १२एएक्स७ आणि ६एक्यू५ असून ६एक्यू५ एका बंद डबीतील प्रकाशपट्टी उजळवते. त्या पट्टीसमोर कॅडमियम सल्फाइडचे दोन एलडीआर आहेत, एक ध्वनीसाठी आणि दुसरा मीटरसाठी. गेन रिडक्शन, म्हणजे आवाज किती डेसिबल दाबला गेला ते, दाखवण्यासाठी ट्यूब तापवणाऱ्या ६.३ व्होल्टच्या हीटर वाइंडिंगच्या एका टोकावरून एसी घेतले आहे. ते शून्य जुळवण्याच्या प्रीसेटमधून आणि ६८ किलो-ओममधून दुसऱ्या एलडीआरवर येते आणि तेथून १२एयू७ च्या अर्ध्या भागाच्या कॅथोड फॉलोअरद्वारे व्हीयू मीटरला, म्हणजे ध्वनीची पातळी दाखवणाऱ्या काट्याच्या मीटरला, मिळते. एचटी, म्हणजे ट्यूबना लागणारे उच्च डीसी व्होल्टेज, २८० व्होल्ट आहे.

यंत्र चालते आणि आवाजही मनासारखा दाबते, परंतु तीन तक्रारी काही केल्या सुटत नाहीत. पहिली तक्रार हमची, म्हणजे वीजपुरवठ्यातून येणाऱ्या घुमणाऱ्या आवाजाची. इनपुटवर ६०० ओमचा रेझिस्टर लावून आणि गेन पूर्ण उघडून आउटपुटला १० मिलिव्होल्ट, म्हणजे सुमारे उणे ३८ डीबीयू (०.७७५ व्होल्टच्या तुलनेत डेसिबल) इतका गोंगाट मोजला जातो. दुसरी तक्रार मीटरची. यंत्र सुरू केल्यावर काटा शून्यावर जुळवला, तरी कोणताही सिग्नल नसताना पंधरा-वीस मिनिटांत तो हळूहळू उणे २ पर्यंत घसरतो, आणि जोरदार कॉम्प्रेशन झाल्यानंतर परत येण्यास काही सेकंद घेतो. तिसरी तक्रार अशी की मीटरचा स्विच आउटपुटवर टाकला की काटा मल्टीमीटरवरून काढलेल्या पातळीपेक्षा जवळजवळ ६ डेसिबल जास्त दाखवतो आणि आवाजाला, निदान माझ्या कानांना, किंचित कडवटपणा येतो.

हीटरच्या तारा नीट पिळून घेतल्या आहेत. हीटर वाइंडिंगच्या दोन टोकांना १०० ओमचे दोन अर्ध्या वॉटचे रेझिस्टर लावून त्यांचा सामाईक बिंदू स्टार ग्राउंडला, म्हणजे ग्राउंडच्या तारा एकत्र येतात त्या बिंदूला, जोडला आहे. (त्यांपैकी एक इतका तापतो की बोट ठेववत नाही आणि दुसरा थंड असतो, परंतु तापणारा ६एक्यू५ च्या अगदी शेजारी असल्याने मी त्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही.) मीटरचा दिवाही याच वाइंडिंगवर आहे. आता हीटर डीसीवर न्यावेत आणि १२एएक्स७ नवीन घ्याव्यात, असा विचार आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तारयंत्री

हीटर डीसीवर नेण्याचा विचार योग्य आहे. ब्रिज रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा), मोठा कपॅसिटर आणि रेग्युलेटर लावून ६.३ व्होल्ट डीसी द्यावे. माझ्या दोन प्रीअँपमधील हम त्यामुळे पूर्ण गेला होता.

जुना व्हॉल्व्ह

तारयंत्री यांच्या सूचनेचा आदर राखून सांगतो की इतक्यात काहीही विकत घेऊ नये आणि हीटरलाही हात लावू नये. उणे ३८ ही पातळी पिळलेल्या हीटर तारांच्या चांगल्या जोडणीत सहसा दिसत नाही. याचा अर्थ कोठेतरी एक ठळक चूक आहे. डीसीने ती कदाचित झाकली जाईल, पण जागची हलणार नाही.

गोंगाटाचा उगम ट्यूब बदलून शोधण्यापेक्षा मार्ग तोडून शोधणे केव्हाही बरे. प्रथम हमची वारंवारता ठरवावी. संगणकात ध्वनिमुद्रण करून स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारतेचा आवाज किती याचा आलेख, पाहिला तरी पुरते. ५० हर्ट्झचा सूळ उंच असेल, तर संशय हीटरवर किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रावर घ्यावा. १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतील सुळांची रांग असेल, तर रेक्टिफायर आणि फिल्टर कपॅसिटरच्या ग्राउंडकडे पाहावे. कानालाही हा फरक कळतो. पहिला आवाज मऊ आणि घुमणारा असतो, तर दुसऱ्यात भुंग्यासारखी करकर असते.

त्यानंतर गेन पॉट शून्यावर आणून हम किती उतरतो ते पाहावे. मग यंत्र बंद करून पहिली १२एएक्स७ काढावी, पुन्हा सुरू करून मोजावे आणि अशाच रीतीने साइडचेनमधील ट्यूब एकेक करून काढाव्यात. तुमचे हीटर समांतर जोडणीत असतील, तर यात अडचण नाही. ट्यूब काढल्यावर एचटी थोडे चढते, म्हणून कपॅसिटरवरील व्होल्टेजची मर्यादा आधी वाचून घ्यावी. ६एक्यू५ काढली असताना मीटरचा काटा कोठे राहतो, हे मात्र आवर्जून लिहावे. ती जागेवर असताना सिग्नलशिवाय तिच्या प्लेटवर किती एसी आहे तेही, मीटरच्या टोकाशी ०.१ मायक्रोफॅरड, ६०० व्होल्टचा कपॅसिटर घालून, मोजावे.

वारंवार सांगूनही ज्याचा विसर पडतो ते पुन्हा लिहितो. २८० व्होल्ट कपॅसिटरमध्ये साठून राहतात आणि स्विच बंद केल्याने जात नाहीत. ४७ मायक्रोफॅरडला २२० किलो-ओमचा ब्लीडर (साठा रिकामा करणारा रेझिस्टर) असेल, तर काळस्थिरांक सुमारे १० सेकंदांचा होतो. सव्वा मिनिट थांबावे आणि तरीही हात घालण्यापूर्वी मीटरने खात्री करावी. एक हात मागे ठेवण्याची सवय असेल तर उत्तमच.

आणि तो तापलेला रेझिस्टर. तुम्ही त्याला कंसात बसवले आहे, मला मात्र तुमच्या संपूर्ण प्रश्नात तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सारखेच दोन रेझिस्टर एकाच वाइंडिंगवर असताना प्रत्येकावर ३.१५ व्होल्ट येतात आणि दोघेही जेमतेम ०.१ वॉट उष्णता देतात. एक पोळतो आणि दुसरा थंड राहतो, याचे कारण शेजारची ट्यूब असू शकत नाही, कारण शेजारमुळे एक जास्त तापेल, पण दुसरा पूर्ण थंड राहणार नाही.

मंद्रसप्तक

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे सर्व मोजमापे केली.

५० हर्ट्झचा सूळ सर्वांत उंच आहे. त्याच्याखाली साधारण १६ डेसिबलवर १०० हर्ट्झ आणि पुढच्या पटी आहेत. गेन पॉट शून्यावर आणला तरी हम केवळ २ डेसिबलने उतरतो, ज्याचे मला फार आश्चर्य वाटले. पहिली १२एएक्स७ काढल्यावर मात्र आउटपुट जवळजवळ शांत होते. साइडचेनमधील ट्यूब काढल्याने ध्वनीतील हममध्ये फरक पडत नाही, परंतु ६एक्यू५ काढताच मीटरचा काटा काही मिनिटांत शून्याकडे परततो आणि तेथेच राहतो. ६एक्यू५ च्या प्लेटवर, पीक रिडक्शनचा पॉट (किती दाबायचे ते ठरवणारा) शून्यावर असतानाही, २४ व्होल्ट एसी आहे.

दोन्ही पॉटचे ग्राउंडचे पाय मी त्यांच्याच धातूच्या अंगाला सोल्डर केले आहेत, म्हणजे ते पुढच्या पट्टीमार्फत चासीला, म्हणजे यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला, मिळतात. मीटरच्या दिव्याचे होल्डरही त्याच पट्टीला स्क्रूने बसवले आहे.

जुना व्हॉल्व्ह

तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांत उत्तर आले आहे.

लहान बल्बच्या अनेक होल्डरमध्ये आटे असलेले धातूचे कवच हेच एक टोक असते आणि पट्टीला बसवण्याचा कानही त्याच कवचाचा भाग असतो. असे होल्डर चासीला कसले की हीटर वाइंडिंगचे एक टोक थेट ग्राउंडला मिळते. मग १०० ओमचा एक रेझिस्टर दोन्ही बाजूंनी ग्राउंडवर येऊन निरुपयोगी आणि म्हणून थंड होतो, तर दुसऱ्यावर पूर्ण ६.३ व्होल्ट येतात. त्यातून ६३ मिलिअँपिअर वाहतात आणि तो जवळजवळ ०.४ वॉट उष्णता देतो. अर्ध्या वॉटच्या रेझिस्टरला तेवढे पोळण्यास पुरेसे आहे.

रेझिस्टरचे तापणे ही यातली किरकोळ बाब आहे. ते ६३ मिलिअँपिअर रेझिस्टरमधून स्टार ग्राउंडला, तेथून चासीत, चासीतून पुढच्या पट्टीत आणि पट्टीतून होल्डरमार्गे वाइंडिंगमध्ये परत जातात. नेमक्या याच पट्टीला तुमच्या गेन पॉटचे ग्राउंड आहे, तर पहिल्या ट्यूबचा कॅथोड रेझिस्टर स्टारला आहे. या दोन ग्राउंडमधील धातूचा रोध केवळ २ मिलि-ओम धरला, तरी त्यावर ०.१२६ मिलिव्होल्ट येतात. ग्रिड (ट्यूबचे इनपुटचे टोक) आणि कॅथोड यांच्यामधला हा ५० हर्ट्झचा सिग्नल पुढील १०० पट वृद्धीनंतर १२.६ मिलिव्होल्ट होतो. तुम्ही १० मोजले आहेत. पॉट शून्यावर आणूनही हम का उतरला नाही, तेही यातून उलगडते, कारण शून्यावर असलेल्या पॉटचा मधला पाय याच हलणाऱ्या ग्राउंडला टेकलेला असतो.

पीक रिडक्शनच्या पॉटचीही तीच गत आहे. तेथे शिरलेला हम साइडचेन कितीतरी जास्त वाढवते, त्यामुळे ६एक्यू५ च्या प्लेटवर सतत २४ व्होल्ट राहतात आणि प्रकाशपट्टी अंधुकशी उजळलेली राहते. कॅडमियम सल्फाइड अत्यंत मंद प्रकाशालाही प्रतिसाद देते, मात्र तो फार सावकाश देते. म्हणून तुमचा काटा एकदम न पडता पंधरा-वीस मिनिटे घसरत राहतो. मीटर बिघडलेला नाही. यंत्र स्वतःच्याच हमला दाबत आहे आणि मीटर ते प्रामाणिकपणे सांगत आहे!

खात्रीसाठी यंत्र बंद करून दोन १०० ओमचा सामाईक बिंदू स्टारपासून सोडवावा आणि हीटरचे कोणतेही टोक आणि चासी यांच्यामधील रोध पाहावा. तो फार मोठा असला पाहिजे. केवळ बल्ब काढून हा दोष जाणार नाही, कारण कवचाची जोडणी तशीच राहते. होल्डर फायबरच्या वॉशरवर बसवावे किंवा दोन्ही टोके मोकळी असलेले घ्यावे. दोन्ही पॉटचे ग्राउंड अंगापासून सोडवून स्वतंत्र तारेने स्टारला न्यावे.

१०० हर्ट्झसाठी एक प्रश्न आहे. ब्रिजचे ऋण टोक कोठे जोडले आहे?

मंद्रसप्तक

होल्डरविषयीचा अंदाज तंतोतंत खरा निघाला. सामाईक बिंदू सोडवल्यावरही हीटर आणि चासी यांच्यामध्ये ०.३ ओम होता. फायबर वॉशर घातले, दोन्ही पॉटच्या ग्राउंडला स्वतंत्र तारा दिल्या, आणि गोंगाट उणे ३८ वरून उणे ५४ डीबीयूवर आला. आता उरलेला आवाज करकर आहे. ब्रिजचे ऋण टोक मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या स्क्रूखाली चासीला जोडलेले आहे, तर पहिल्या फिल्टर कपॅसिटरचे ऋण टोक स्टारला.

परंतु एक नवीन अडचण उभी राहिली आहे. गेन रिडक्शनवर काटा आता घसरत नाही, पण तो शून्याऐवजी उणे ६ वर स्थिर आहे. मी काही बिघडवले तर नाही ना, या शंकेने पुढे जाण्याचे थांबवले आहे.

जुना व्हॉल्व्ह

काहीही बिघडलेले नाही. पूर्वी वाइंडिंगचे एक टोक ग्राउंडवर होते, म्हणून दुसऱ्या टोकावर ग्राउंडच्या तुलनेत पूर्ण ६.३ व्होल्ट होते आणि तुमचे मीटर तेथूनच पोसले जात होते. आता मधला बिंदू ग्राउंडवर आल्याने तेच टोक ३.१५ व्होल्टवर आहे. निम्मे व्होल्टेज म्हणजे उणे ६ डेसिबल. प्रीसेट फिरवून शून्य पुन्हा जुळवावे. काटा बरोबर सहाच डेसिबलने उतरणे हाच दुरुस्ती नीट झाल्याचा दाखला समजावा.

करकरीचे कारण तुमच्या जोडणीत उघड दिसते. ब्रिज कपॅसिटरला अखंड प्रवाह देत नाही. प्रत्येक अर्ध्या आवर्तनाच्या माथ्यावर तो थोडा वेळ, पण मोठा झटका देतो. सरासरी ५० मिलिअँपिअर घेणाऱ्या यंत्रात हे झटके त्याच्या कित्येक पट उंच असतात, आणि तुमच्या जोडणीत ते कपॅसिटरपासून स्टार, स्टारपासून चासी आणि चासीतून ट्रान्सफॉर्मरचा स्क्रू असा प्रवास करून ब्रिजला परततात. ब्रिजचे ऋण टोक आखूड तारेने थेट पहिल्या कपॅसिटरच्या ऋण टोकाला जोडावे, स्क्रूखालची जोडणी काढावी आणि कपॅसिटरच्या त्या टोकापासून स्टारकडे एकच तार न्यावी. ट्रान्सफॉर्मरच्या अंगाला आणि चासीला मेन्सचा संरक्षक अर्थ मात्र जसा आहे तसाच राहू द्यावा. हम घालवण्यासाठी अर्थ तोडण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये.

काटेकोर

आउटपुटच्या मीटरविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो.

६ डेसिबल जास्त दाखवण्यामागे बहुधा ३.६ किलो-ओमचा एक रेझिस्टर विसरला आहे. व्हीयू मीटरचे जे प्रमाण अमेरिकेत १९४२ साली ठरले, त्यात मीटरचा स्वतःचा रोध ३.९ किलो-ओम असून त्याच्या आधी ३.६ किलो-ओम एकसरीत जोडणे अपेक्षित आहे. मिळून ७.५ किलो-ओम होतात आणि १.२२८ व्होल्टला, म्हणजे अधिक ४ डीबीयूला, काटा शून्यावर येतो. मीटर थेट आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर टाकले, तर ७.५ भागिले ३.९ या प्रमाणात, म्हणजे ५.७ डेसिबलने, वाचन वाढते. तुमचा आकडा त्याच्याशी जुळतो. गेन रिडक्शनच्या बाजूला ही चूक दिसली नाही, कारण तेथे तुम्ही प्रीसेटने शून्य जुळवून घेत होता.

कडवटपणाचे मूळही तेथेच असावे. मीटरच्या आत पूर्णतरंग रेक्टिफायर असतो आणि तो सिग्नलकडून प्रवाह एकसारखा घेत नाही. लहान व्होल्टेजला जवळजवळ काहीच नाही आणि पुढे एकदम, असा त्याचा स्वभाव असल्याने, ज्या स्रोताला तो जोडलेला असेल त्याच्या तरंगाला तो किंचित वाकवतो. ३.६ किलो-ओम मध्ये आला की हा परिणाम बराच कमी होतो. स्रोताचा रोध जितका कमी, तितका तो आणखी नगण्य होतो. तत्पूर्वी तुमचे मीटर खरोखर प्रमाणाप्रमाणे आहे का, ते पाहावे. पुष्कळ मीटरांवर व्हीयू ही अक्षरे आणि पट्टी छापलेली असते, पण आत रेक्टिफायर नसतो आणि काटाही हवा तसा हलत नाही. दीड व्होल्टची बॅटरी १० किलो-ओममधून दोन्ही दिशांनी लावून पाहावी. दोन्ही वेळा काटा उजवीकडे गेला, तर रेक्टिफायर आहे. प्रमाणातील मीटरचा काटा शून्यापर्यंत पोहोचण्यास ०.३ सेकंद घेतो आणि पुढे जेमतेम एक-दीड टक्काच झेपावतो.

जोरदार कॉम्प्रेशननंतर काट्याचे सावकाश परतणे हा दोष नव्हे. या प्रकारच्या डबीत निम्मी परती सुमारे ६० मिलिसेकंदांत होते आणि उरलेली काही सेकंद रेंगाळते. लोक हे यंत्र त्या रेंगाळण्यासाठीच बांधतात. एलडीआर उघड्या प्रकाशात राहिला असेल, तर त्याची स्मृती अनेक तास टिकते, म्हणून शून्य आणि तुलना या दोन्ही गोष्टी डबी रात्रभर बंद ठेवल्यावरच कराव्यात. शिवाय तुमचे मीटर हीटर वाइंडिंगवर पोसले जात असल्याने मेन्स ५ टक्क्यांनी उतरले की काटा सुमारे अर्ध्या डेसिबलने खाली येईल. त्यामागे धावू नये.

मंद्रसप्तक

सर्वांनी सांगितलेले बदल पूर्ण केले. ब्रिजचे ऋण टोक थेट कपॅसिटरला जोडल्यावर करकर ऐकू येण्याजोगी उरली नाही. गेन पूर्ण उघडा ठेवून आता ०.६ मिलिव्होल्ट, म्हणजे उणे ६२ डीबीयू मोजले जातात. ६एक्यू५ च्या प्लेटवर सिग्नलशिवाय दीड व्होल्ट एसी आहे आणि काटा तासभर शून्यावरून हललेला नाही. मीटरमध्ये रेक्टिफायर आहे. ३.६ किलो-ओम हाताशी नसल्याने १.८ चे दोन रेझिस्टर एकसरीत लावले आणि वाचन मल्टीमीटरशी जुळले. कडवटपणाही गेला, निदान मला तरी तसे वाटते.

आता जे ऐकू येते ती केवळ बारीक सळसळ आहे, आणि आवाज दाबला जात असताना ती कमी होते. तिच्यासाठी १२एएक्स७ बदलून पाहावी का?

जुना व्हॉल्व्ह

हिशेब करून पाहा. सिग्नल नसताना एलडीआर जवळजवळ उघडा असतो, म्हणून पहिल्या ग्रिडला ६८ किलो-ओम आणि १०० किलो-ओमचा पॉट समांतर, म्हणजे सुमारे ४० किलो-ओम दिसतात. खोलीच्या तापमानाला २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात एवढ्या रोधाचा स्वतःचा औष्णिक गोंगाट ३.६ मायक्रोव्होल्ट असतो. १०० पट वृद्धीनंतर तो ०.३६ मिलिव्होल्ट, म्हणजे उणे ६६ डीबीयूच्या आसपास येतो. तुम्ही उणे ६२ वर आहात. उरलेल्या चार डेसिबलमध्ये ट्यूब, प्लेट रेझिस्टर आणि शिल्लक हम हे सर्व वाटेकरी आहेत. कॉम्प्रेशनच्या वेळी एलडीआरचा रोध उतरतो आणि त्याबरोबर हा गोंगाटही उतरतो, हे तुमच्या कानांनी बरोबर टिपले आहे.

पहिल्या टप्प्याचा प्लेट रेझिस्टर कार्बन कंपोझिशनचा असेल, तर तो एक वॉटच्या मेटल फिल्मने बदलावा. तेथे एखादा डेसिबल मिळू शकेल. ट्यूबवर पेन्सिलीच्या खोडरबराच्या टोकाने हलकेच टिचकी मारावी आणि टणत्कार ऐकू आला, तरच ती बदलावी.

तारयंत्री

माझ्या प्रीअँपमधील दिव्यांचे होल्डर आज उघडून पाहिले. एकात होल्डरचे कवच चासीलाच बसवलेले होते. डीसी केल्यावर हम का गेला होता, ते आता कळले. ते होल्डर आता वॉशरवर बसवणार आहे.